गाडीत बसायची दोन मिनिटं

त्या हिवाळ्यात मी दादाच्या गाडीचं तापलेलं इंजिन, थंड व्हायला दोन मिनिटंही न देता, अकरा वेळा बंद केलं. अकराव्या वेळेनंतर चौथ्या दिवशी सकाळी, मलकापूरच्या अलीकडे, गाडीचा टर्बो गेला. तेव्हा ती दादा चालवत होता. सातव्या आणि आठव्या वेळेच्या मधे मला एक प्रश्न विचारला गेला होता. मी त्याचं उत्तर खोटं दिलं. टर्बो गेल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला आणि मी तेच उत्तर पुन्हा दिलं.

आमचं दुकान कोल्हापुरात, शाहूपुरीत होतं, शेतीच्या पंपांचं आणि त्यांच्या सुट्या भागांचं. घर शहराबाहेर, पंचगंगेच्या पलीकडे, पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, आईला आक्का. घर जैनांचं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण. स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर होतं, त्यावर रोजच्या सूर्यास्ताची वेळ छापलेली असे आणि त्याच्या वर भिंतीवरचं घड्याळ. हिवाळ्यात ती वेळ सहाच्या आसपास येई. साडेपाचला स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा, मग परातीत भाकरी थापल्याचा. जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची नाहीतर घेवड्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि जिरं लावलेलं ताक. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे. अण्णा पाटावर बसले की उठेपर्यंत बोलत नसत. ते मौन त्यांनी तरुणपणी घेतलं होतं. त्यामुळे आमच्या जेवणाला ताटवाटीचा, तव्याचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांचा एवढाच आवाज असे. आक्का सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची. कोणी यायचं राहिलं असेल तर ती बसत नसे, आणि दिवस मावळला तर हात जोडून उठायची. मग तिच्या पोटात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही जात नसे. माझ्यामुळे असं त्या हिवाळ्यात दोनदा झालं. ती त्याबद्दल काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी नेहमीसारखीच गरम वाढली.

गाडी जपानी बनावटीची, दोन दारांची, दुसऱ्या हातची. दादा दुकान सांभाळायचा आणि वर्षातून तीन-चार वेळा घाटातल्या शर्यतींना जायचा. कोल्हापुरात तेव्हा अशा गाड्या चार होत्या आणि चारही उद्यमनगरात दौलू मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये यायच्या. दौलू मिस्त्री मूळचे चंदगडकडचे. शाळा सातवीपर्यंत. इंजिनाला कान लावायच्या आधी ते डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवत. टर्बो म्हणजे काय ते मला त्यांनीच समजावलं. इंजिनातून बाहेर पडणारी गरम हवा एक छोटा पंखा फिरवते, तो पंखा जास्तीची हवा इंजिनात कोंबतो आणि गाडीला जोर येतो. पंख्याचा दांडा इंजिनाच्या तेलात फिरतो. गाडी जोरात आणून एकदम बंद केली तर तेल यायचं थांबतं आणि लालबुंद दांड्यावर राहिलेलं तेल जागच्या जागी जळतं. मिस्त्री म्हणाले, गुऱ्हाळात जाळ काढला म्हणून काहिलीतला गूळ ढवळायचं कोणी थांबवतं का, थांबवलं तर तो बुडाला लागतो. म्हणून त्यांचा नियम होता. जोरात आणलेली गाडी उभी केली की इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं आत बसायचं, मग किल्ली फिरवायची.

मिस्त्रींनी त्या हिवाळ्यात इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधलं होतं. ते मोकळं व्हावं म्हणून रोज थोडी गाडी चालवायची होती. दादाला दुकानामुळे फक्त सकाळ मिळायची. माझं कॉलेज संपलं होतं, वर्तमानपत्रात अर्ज दिला होता, उत्तर यायचं होतं. त्यामुळे संध्याकाळची फेरी माझ्याकडे आली. वाघबीळच्या पुढे दहा किलोमीटर जायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. मी त्याहून पुढे, बांबवड्यापर्यंत जायचो. कधी त्याच्याही पुढे. येताना गाडीतलं घड्याळ समोर दिसायचं, सूर्यही उजव्या आरशात दिसायचा, आणि मग मी घराच्या फाटकापर्यंत गाडी दाबून आणायचो. अंगणात थांबलो की किल्ली फिरवायची आणि पळत हातपाय धुवायला जायचं. आक्का उपाशी राहू नये म्हणून मी घाई करत होतो, असं लिहिता येईल. बरीच वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण उशीर व्हायचा तो बांबवड्यामुळे, आणि बांबवड्याला मला कोणी पाठवलेलं नव्हतं. उशिराचं कारण विचारलं की मी उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्याचं सांगायचो. गळिताचा हंगाम होता, त्यामुळे ते खरं वाटायचं.

टर्बो टायमरची गोष्ट एका रविवारी सकाळी निघाली. दादाच्या ओळखीच्या एकानं पुण्याहून ते यंत्र आणलं होतं. साबणाच्या वडीएवढा डबा, पुढे लाल आकडे. किल्ली काढून माणूस निघून गेला तरी हा डबा इंजिन दोन मिनिटं चालू ठेवतो आणि मग आपोआप बंद करतो. दादाला तो बसवायचा होता. खर्च दुकानातून होणार म्हणून अण्णाही उद्यमनगरात आले होते. मिस्त्रींनी डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत दिला. बसवायला त्यांना अर्धा दिवस लागला असता, पण त्यांचं मत नव्हतं. इंजिन चालू राहणार म्हणजे गाडी गिअरात घालून लावता येणार नाही. नुसत्या हँडब्रेकवर, आत माणूस नसताना, ती अंगणात चालू उभी राहणार, आणि अंगणात दादाची दोन लहान पोरं खेळत असतात. शिवाय शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू आणली तर गाडी वाटेतच निम्मी थंड होते, मग दोन मिनिटं बसलं की काम झालं.

दादा म्हणाला, “माणूस विसरतो, मिस्त्री. यंत्र विसरत नाही.”

“इसरतोय त्याला गाडीच देऊ नगासा की.”

गॅरेजमधले सगळे हसले. दादाही हसला, पण डबा त्यानं खाली ठेवला नाही. दोघांनीही अण्णांकडे बघितलं. तीस वर्षं पंप विकलेला माणूस; कोणतंही यंत्र घ्यायच्या आधी ते चालवणार कोण, हे ते गिऱ्हाइकाला विचारायचे. त्यांनी तेच विचारलं. दादानं माझ्याकडे बोट दाखवलं.

“बसतोस काय रं दोन मिनिटं?” अण्णांनी विचारलं.

“बसतो की,” मी म्हणालो.

“रोज?”

“रोज.”

त्या दिवशी आकडा सातवर होता. नाही म्हणालो असतो तर उशीर का होतो ते निघालं असतं, मग बांबवडं निघालं असतं आणि किल्ली गेली असती. एवढंच कारण होतं. अण्णा म्हणाले, मग कशाला पाहिजे यंत्र. मिस्त्रींनी माझ्या पाठीवर हात मारला आणि म्हणाले, बघा, धाकल्या मालकाला कळतंय. त्यांच्या हाताला ग्रीस होतं. ते शर्टावर उमटलं आणि आक्कानं ते रॉकेलनं काढलं. त्यानंतर एक आठवडा मी खरोखर दोन मिनिटं बसलो. मग पुन्हा चार वेळा बसलो नाही.

टर्बो गेला त्या सकाळी दादा आंबा घाटाच्या सरावाला निघाला होता. शर्यतीला नऊ दिवस होते. मलकापूरच्या अलीकडच्या चढाला मागून निळसर पांढरा धूर आला, शिट्टीसारखा आवाज झाला आणि गाडीतला जोर गेला. ऊस खाली करून परत निघालेल्या एका ट्रॅक्टरनं ती ओढून आणली. उद्यमनगरात पोचायला दुपार झाली. मिस्त्रींनी त्याच दिवशी टर्बो उतरवला आणि बाकावर उघडला. अण्णा, दादा आणि मी समोर उभे होतो. दांडा काळा पडला होता. त्यावर कोळशासारखा थर होता, नखानं निघत नव्हता. मिस्त्रींनी तो कापडानं पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला.

“ह्ये गरम बंद केल्यालं दिसतंय,” ते म्हणाले. ते कोणाकडे बघत नव्हते. मग माझ्याकडे बघितलं. “धाकलं मालक, येकदा बी न्हाय?”

“न्हाय.”

“घाईत, बिईत?”

“न्हाय. बसतोय मी रोज.”

त्यांनी दांडा खाली ठेवला. बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, “मग त्येलाचा पायप आसंल. त्यो मीच वाकवून बसिवलाय.” टर्बोला तेल नेणारी नळी त्यांनी नव्यानं केली होती. तिचा बाक जास्त झाला असेल तर तेल कमी गेलं असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी नळी काढली, शिकंज्यात धरली आणि करवतीनं उभी चिरली. आतून ती स्वच्छ होती. बाकाच्या ठिकाणीही स्वच्छ होती. ते मी बघितलं, दादानं बघितलं, अण्णांनी बघितलं. तरी मिस्त्री म्हणाले, दिसत न्हाय पण चूक हितंच हाय, दुसरीकडं आसायची कुठं.

पुढे मी वर्तमानपत्रात एकतीस वर्षं काढली. दोन माणसांचं म्हणणं जुळत नसेल तर आधी वस्तू बघा, कागद बघा, माणसाच्या शब्दावर मग या, असं मी नव्या बातमीदारांना सांगत आलो. हे कुठं शिकलात, असं एकीनं एकदा विचारलं होतं. अनुभवानं, असं मी सांगितलं. दौलू मिस्त्रींच्या हातात वस्तू होती आणि समोर माझा शब्द होता. त्यांनी माझा शब्द धरला.

दादा चिडला नाही. शर्यत हुकली, त्याबद्दलही मिस्त्रींना काही बोलला नाही. मात्र गाडी त्यानं बेळगावच्या एका गॅरेजात नेली. आपण कोणाला काही सांगितलं नाही, असं तो अजूनही म्हणतो, आणि ते खरं असावं. पण गाडी कोणाच्या दारात उभी आहे हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही. उन्हाळ्यापर्यंत दुसऱ्या तिघांच्या गाड्याही उद्यमनगरात यायच्या बंद झाल्या.

बेळगावच्या माणसानं नवा टर्बो घातला आणि न विचारता टायमरही बसवला. गाडी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळची फेरी मारून आलो. उशीर झाला होता. किल्ली काढली, दार लावलं. आतले लाल आकडे उलटे मोजायला लागले. मी हातपाय धुऊन आत गेलो आणि पाटावर बसलो. दादा नेहमीप्रमाणे दुकानात डबा खात होता. अण्णांचं जेवण निम्मं झालं होतं. बाहेर इंजिन चालू होतं. खिडकीतून तो आवाज सरळ आत येत होता, एका लयीत, आणि पितळी तांब्यावर ठेवलेलं झाकण त्यानं बारीक थरथरत होतं. आक्कानं वाढता वाढता थांबून विचारलं, गाडीत कोण बसलंय. मी म्हणालो, कोणी नाही, आपोआप बंद होईल.

अण्णांचा घास ताटावरच राहिला. ते मौनात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी भाकरी मोडत होतो. इंजिन चालूच होतं. दोन मिनिटं म्हणजे किती असतात ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमटीचे तीन घास झाले, ताक वाढून झालं, तरी आवाज थांबेना. मग खट् झालं आणि अंगणात शांतता झाली. अण्णांनी उरलेलं जेवण सावकाश संपवलं, ताटात हात धुतला आणि मला बाहेरच्या सोप्यात बोलावलं.

“आदी बी गाडी आली की तू आसाच लगीच आत यायचास, पर तवा गाडी गप आसायची,” ते म्हणाले.

मी किल्ली खिशातून काढून खुंटीला लावली.

“किती येळा?”

“मोजलं न्हाई.”

मी मोजलं होतं.

त्यांनी आवाज चढवला नाही. दादाला मी सांगणार नाही, असं म्हणाले. त्याचा भाऊ आहेस तू, ते तुझं तू बघ. पण मिस्त्रीकडे उद्याच्या उद्या जायचं. मी बरोबर येणार नाही. मी सांगितलं तर ती माझी माफी होईल, तुझी होणार नाही. आक्का आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. त्या दिवशीही तिचं जेवण राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरात गेलो. मिस्त्री एका ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसले होते. मला बघून त्यांनी तेलाचा डबा पालथा घालून त्यावर बसायला पोतं टाकलं आणि चहा सांगितला. नवा टर्बो कसा चालतोय ते विचारलं. धूर नाही ना, शिट्टी नाही ना, तेल कुठलं घातलंय. मी सांगत गेलो. मग म्हणाले, “टायमर बसिवलासा म्हणं. बरं केलासा. मी उगंच नगं म्हणत हुतो. त्यात बी माझंच चुकलं.” तिथं मला बोलता आलं असतं. मी चहा प्यायलो. चाळीस मिनिटं बसलो आणि परत आलो.

अण्णा दुकानात होते. सांगितलंस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सांगितलं. काय म्हणाला? काही नाही म्हणाले, चहा दिला. चहाचं खरं होतं. अण्णांनी मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानंतर ते एकोणीस वर्षं होते. मिस्त्रींना खरं कळलंय आणि त्यांनी ते मोठेपणानं पोटात घातलंय, अशा समजुतीत ते गेले. बाजारात कुठं मिस्त्री दिसले की ते थांबून हात जोडायचे. मिस्त्रींना त्याचं कारण माहीत नव्हतं.

आता कोणत्याही डिझेल गाडीला टर्बो असतो. त्यांची बांधणी सुधारली आहे, तेल सुधारलं आहे, आणि टायमर बसवायचा की नाही हा प्रश्न घरात कोणाला पडत नाही. माझा मुलगा किल्लीऐवजी बटण दाबतो आणि उतरतो. मी शेजारी असलो तर अजून थोडा वेळ बसून राहतो. काय झालं, असं तो विचारतो. काही नाही, असं मी म्हणतो.

दौलू मिस्त्रींनी शर्यतीच्या गाड्यांचं काम पुन्हा केलं नाही. काही वर्षं ट्रॅक्टर केले, मग गॅरेज बंद करून चंदगडकडे गावी गेले. निवृत्त झाल्यावर मी हे प्रकरण लिहायला घेतलं, दोनदा अर्धवट सोडलं, आणि गेल्या महिन्यात एसटीनं त्यांच्या गावी गेलो. घरामागे काजूची झाडं आहेत. ते ओट्यावर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, नजर चांगली आहे. मला त्यांनी ओळखलं. पाणी झालं, गूळ झाला, आणि मी सांगायला सुरुवात केली.

त्यांनी मधेच अडवून प्रश्न विचारले, गाडी तपासताना विचारायचे तसे. किती वेळा. लागोपाठ की अंतरानं. गाडी फाटकापर्यंत जोरात असायची का. बंद केल्यावर पुढून टिकटिक आवाज यायचा का. मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. यावेळी आकडाही सांगितला.

“म्हंजे पायप बराबर हुता,” ते म्हणाले.

“व्हय.”

“बाक बी बराबर हुता.”

“व्हय, मिस्त्री.”

त्यांनी घरात हाक मारली. त्यांच्या पत्नी पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. “आगं, पायप बराबर हुता,” त्यांनी सांगितलं. कुठला पाइप ते त्यांना विचारावं लागलं नाही. त्या माझ्याकडे बघत उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, “त्याच्यापायी ह्यांनी तसल्या गाडीला पुन्ना हात लावला न्हाय. माझा हात गेला, म्हणायचं.” मिस्त्रींनी मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, त्यांच्यासाठी. मी सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, “दादास्नी सांगितलासा?”

“न्हाय.”

“मग लावा की.”

मी तिथूनच दादाला फोन लावला. त्यानं मधे काही विचारलं नाही. माझं सांगून झाल्यावर तो म्हणाला, मिस्त्रींच्याकडे फोन दे. मी फोन दिला. मिस्त्री तो कानाला लावून ओट्यावरून उतरले आणि घरामागे गेले. फोनवरच्या नोंदीप्रमाणे त्यांचं बोलणं सात मिनिटं चाललं. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणी मला सांगितलेलं नाही.